घोड्याची झूल आणि बँडचे कोट

बोर्ड आधी लागला आणि डिझायनर मागून झाली, असा प्रकार अख्ख्या अमळनेरात एकदाच घडला, आणि तो आमच्या गल्लीत घडला. साल शहाऐंशी असावं. बोर्ड लावला लीलाधरने. तो तेलाच्या कारखान्यात डब्यांना झाकणं बसवायच्या खात्यात होता आणि तिथल्या रंगाऱ्याशी त्याचं चांगलं सूत होतं. एका रविवारी दोघांनी मिळून पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत रंगवलं : ‘बेबाबाई, ड्रेस डिझायनर’. शेजारी एक कात्री काढली, ती अडकित्त्यासारखी दिसत होती. लीलाधरची बायको बेबाबाई मागच्या पडवीत ब्लाउजला हुक लावत बसली होती. ठोकाठोकीचा आवाज ऐकून ती बाहेर आली आणि तिने मान वर करून बोर्ड वाचला.

"हे कायले लावलं? मी टेलर हाये."

"टेलर या गल्लीमा चार शेतस," लीलाधर शिडीवरूनच म्हणाला. "डिझायनर तू एकटी."

बेबाबाईचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. लग्नात भांड्यांबरोबर पायाची शिलाई मशीन आली आणि मशीनबरोबर तिची ती बोली. ‘आहे’ला इकडे सासरी सगळे ‘शे’ म्हणणारे, ही ‘हाये’ म्हणणारी. पहिलं वर्षभर सासू भिकुबाई आणि ती एकमेकींचं निम्मं हातवाऱ्यांवरच समजून घेत. पण मशीन चालू लागली तशी गल्लीतल्या बायकांची रीघ लागली. हात सफाईदार होता. खोड एकच होती, गिऱ्हाइकाने सांगितलेलं तेवढंच करणं तिला जमायचं नाही. साधी बाही सांगावी तर फुग्याची निघे, गोल गळा सांगावा तर पाठीवर पान उमलून येई. एका मास्तरीणबाईंनी शाळेत घालायला म्हणून साधं पोलकं टाकलं, ते असं झालरदार होऊन आलं की त्या रडवेल्या झाल्या. मग तेच पोलकं त्यांनी भाचीच्या हळदीला घातलं आणि पुढच्या आठवड्यात तीन बायका "तसंच" म्हणून दारात उभ्या राहिल्या. बेबाबाईने यातून काय धडा घ्यावा? कापड गिऱ्हाइकाचं असतं, आपलं नसतं, हा घ्यायला हवा होता. तिने घेतला तो असा, की गिऱ्हाइकाला आपल्याला काय हवंय ते घालून पाहीपर्यंत कळत नाही. दोन्ही धडे खरे आहेत, पण एकावर चालणाऱ्याला दुसरा कधीतरी ठेचेसारखा लागतोच.

बोर्डाचं कारण एक घोडा होता. लीलाधरच्या चुलतभावाच्या लग्नात, पारोळ्याकडच्या एका खेड्यात, नवरदेवाच्या घोड्याची झूल ऐन वेळी उंदरांनी कुरतडलेली निघाली. बेबाबाईने मांडवातच एका मशीनची सोय करवून घेतली, लाल साटीन आणि कुणाच्या तरी जुन्या शालूचा काठ जोडला, चारी कोपऱ्यांना केळफुलाच्या आकाराचे गोंडे लोंबत सोडले. घोडा असा नटला की नवरदेवाकडे कुणी बघेना. मिरवणुकीत पुढे धुळ्याचा बँड होता. बँडचे मालक भाईदास मास्तर ट्रम्पेट वाजवता वाजवता मागे वळून वळून घोड्याकडेच बघत होते. जेवणाच्या पंगतीत बट्टीवर तूप ओतून घेताना त्यांनी लीलाधरला गाठलं.

"घोडाना अंगवर इतली चांगली झूल, आन् आम्हना अंगवर ही गोधडी. आम्हनी काही इज्जत शे का नही? हाई झूल कोनी शिवी?"

त्यांचं खोटं नव्हतं. बँडच्या अंगात कुठून तरी मिळालेले जुने तांबडे कोट होते, कॉलरी काळ्या पडलेल्या, झालरी तुटलेल्या. बेबाबाईने बँडचे बारा नवे कोट शिवावेत, असं तिथेच ठरलं. लग्नसराईच्या ऐन भरात धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. दोन्हीकडचे दोन बँड आग्रा रोडवरून वाजणार होते आणि सगळं धुळं बघायला लोटणार होतं. त्या दिवशी जो बँड उठून दिसेल त्याला पुढची तीन-चार वर्षं सुपाऱ्या कमी पडणार नाहीत, हे मास्तरांना ठाऊक होतं. आणि एवढं मोठं काम अंगावर घेतलं की लग्नसराईतली ब्लाउजं परत करावी लागणार, हे बेबाबाईला ठाऊक होतं. तिने ती केलीही. बायका तोंड वाकडं करून समोरच्या चिंधा टेलरकडे गेल्या. चिंधा टेलर तसा सज्जन माणूस, पण त्याच्या जिभेला अस्तर नव्हतं.

"बेबावहिनी, पोलकं आन् कोट यामा फरक ऱ्हास," तो दुकानातूनच म्हणाला. "आन् तो बोर्ड जरा नीट ठोका, वारामा पडी जाई."

बोर्डाकडे बघून गल्लीतली पोरंसुद्धा "काय डिझायनरबाई" म्हणू लागली. बेबाबाई हसून घेई, पण आत कुठेतरी तिला धाकधूक होती. मनाशी तिने एक पक्कं ठरवलं होतं. हे कोट जमले नाहीत तर बोर्ड उतरवायचा, आणि पुन्हा आयुष्यात सांगितल्याबाहेर कात्री चालवायची नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, लीलाधरलाही नाही. तिच्यासारख्या बाईला असा निश्चय म्हणजे जेवण सोडण्यासारखाच होता.

पहिली अडचण घरातच निघाली. बारा पुरुषांची मापं घ्यायची तर टेप त्यांच्या छातीला लावावा लागणार. भिकुबाई ज्वारी निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं.

"परका मानसासले टेप लावाना नही. आपला घरमा ते चालाव नही."

"मंग माप कसं घेऊ? डोयानं?"

"त्यासना सदरा मांगी ले. सदरावर सदरा बेत."

बोलणं बिनतोड होतं. अंगात नीट बसणारा एकेक शर्ट माणसागणिक पाठवा, त्यावर नावाची चिठ्ठी टाचा, असा निरोप धुळ्याला गेला. चार दिवसांनी बँडमधला क्लॅरिनेटवाला वना एसटीने एक मोठं गाठोडं घेऊन आला. "बठ्ठा सदरा लई उनू, वैनी," म्हणत त्याने ते ओट्यावर ठेवलं, चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली. बेबाबाईने गाठोडं सोडलं आणि थक्क झाली. एकेक शर्ट कडक इस्त्रीचा, बटणं जागच्या जागी, कॉलरला मळाची रेघ नाही. एकाला तर अजून अत्तराचा वास होता. "किती नीटनेटके लोक हायेत बाई," ती सासूला म्हणाली. "आमच्या गल्लीत असा एक सदरा दाखवा." भिकुबाईंनीही मान डोलवली.

इथे तिने जरा थांबायला हवं होतं. उन्हातान्हात ढोल गळ्यात अडकवून मैलभर चालणाऱ्या माणसाच्या शर्टाला खांद्यावर पट्ट्याची घासही नाही, हे तिच्यासारख्या हुशार बाईच्या लक्षात यायला हवं होतं. पण हुशारी तेव्हा रंगात गुंतली होती. तिने निळं टेरीकॉट आणलं, वर हळदी रंगाची दोरी घेतली, आणि खाकी कागदावर खडूने चित्रामागून चित्रं काढली. कॉलरवरून दोरी खाली उतरायची आणि छातीवर केळीच्या पानासारखी रुंदावून पुन्हा कमरेशी निमुळती व्हायची. शिवता शिवता ती गुणगुणत असे. महिनाभर त्या घरात निळ्याशिवाय रंग नव्हता. वरणातसुद्धा निळे धागे निघत.

लग्नाच्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने तिघं धुळ्याला निघाली. लीलाधर गाठोडी उचलायला आणि भिकुबाई, सून तिथे जाऊन कुणाला टेप लावत नाही ना, हे बघायला. मिरवणूक गोरज मुहूर्ताआधीची, म्हणजे दुपार कलल्यावरची. मास्तरांच्या अंगणात निंबाखाली बारा जण रांगेने उभे होते. नावं पुकारून बेबाबाईने एकेकाच्या हाती कोट दिला आणि पदराने घाम टिपत समोरच्या खाटेवर बसली. तिला हा क्षण डोळे भरून बघायचा होता.

ढोलवाला मगन हा दरवाजा भरेल एवढा माणूस. त्याने एक हात बाहीत घातला, दुसरा घालायला गेला आणि कोट खांद्यावरच अडकला. वनाच्या अंगात कोट नुसता लोंबत राहिला, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. झांजवाल्याची बटणं लागेनात. एकाचा कोट गुडघ्यापर्यंत आला, एकाचा बेंबीपर्यंत. ज्याने ज्याने घातला त्याला त्याचा कोट होत नव्हता. लीलाधरने हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मगनभाऊ," बेबाबाईने विचारलं, "तुम्ही धाडला तो सदरा तुमचाच होता ना?"

मगनने जमिनीकडे बघितलं. "मना सालाना व्हता, वैनी. मना बगलमा फाटेल शे. बाईमानूसकडे तसा कसा धाडाना?"

मग एकेक उलगडत गेलं. मगनने मेव्हण्याचा पाठवला होता, वनाने मोठ्या साडूचा मागून आणला होता. झांजवाल्याने स्वतःच्या लग्नातला काढला होता, तेवढा एकच त्याच्याकडे चांगला होता आणि लग्नाला दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. कुणी जावयाचा, कुणी शेजारच्या कंडक्टरचा. अमळनेरची बाई आपला शर्ट हातात धरून बघणार, उलटासुलटा करणार, मग तिला ठिगळाचा कसा दाखवायचा? पाहुणे आले की आपण शेजारून कपबशा आणतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात कुणाला लबाडी वाटली नव्हती, उलट बाईचा मान राखल्यासारखं वाटलं होतं.

भाईदास मास्तर तापले. "अकला कथा गयात तुम्हन्या? मापले सदरा मांगा व्हता, मिरावाले नही."

"मास्तर," बेबाबाई म्हणाली, "तुमचा कोट घालून पाहा."

मास्तरांनी कोट घातला. तो त्यांना पोटावर वीतभर कमी पडला. ते खाकरले. त्यांनी आपल्या धाकट्या भावाचा पाठवला होता. तो कचेरीत कारकून होता आणि त्याचे शर्ट चांगले असत.

बेबाबाईला आधी रडू आलं आणि मग, का कोण जाणे, हसू फुटलं. तिला आठवलं, आपणही माहेरी निरोपाबरोबर डबा धाडताना घरातला सगळ्यात चांगला डबा शोधतो, आणि तो नसला की शेजारणीचा. ती हसायला लागली तशी बघायला आलेली वनाची बायको हसली, मग सगळं अंगण. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांना आग्रा रोड दिसत होता. हसू ओसरलं तेव्हा तिलाही तो दिसला, आणि त्यापलीकडे आपल्या दारावरचा बोर्ड.

ती उठली. आधी कोटांची अदलाबदल करून पाहिली. दोघा-तिघांचं जमलं, बाकीच्यांची लांबी तेवढी जुळली. जास्तीचं कापड नव्हतं आणि नव्याने शिवायला वेळ नव्हता. ती एक कोट पालथा करून मांडीवर घेऊन बसली आणि पाठीच्या मधल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग कात्री उचलून मानेपासून खालपर्यंत ती शिवण उसवून टाकली. मास्तरांच्या बायकोने डोळेच मिटले.

"दोन्ही कडांना काजं करू," बेबाबाई म्हणाली, "आणि त्यातून ही पिवळी दोरी ओवू, चोळीच्या नाडीसारखी. घट्ट त्याला सैल सोडायची, सैल त्याला आवळायची. आतून धोतराची पांढरी पट्टी लावू. बाह्या सगळ्यांच्या कोपरापाशी कापा, म्हणजे कुणाची आखूड ते कळणार नाही. पण आता मले खरी मापं पाहिजेत. माणसांची." 

एवढं बोलून ती थांबली आणि सासूकडे बघितलं. टेप तिच्या हातात होता. भिकुबाई निंबाच्या बुंध्याशी बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सुनेच्या हातातून टेप घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि लीलाधरच्या खांद्यावर टाकून दिला.

"यामा माले काही समजस नही. मी वीतघाई मोजस, तू खडूनी खुना कर. मी यासनी मायना उमरनी शे, माले कोन काय म्हनी?"

आणि पदर खोचून भिकुबाईंनी मगनच्या अफाट पाठीवर वीत टाकायला सुरुवात केली. "तीन वीता आन् चार बोटं. सरया उभा ऱ्हाय रे भो, पोट आत घेऊ नको, वाजावताना घेस का आत?" बारा बाप्ये शाळेतल्या मुलांसारखे तिच्यापुढे ताठ उभे राहिले. मोजून झालेला माणूस कोट काढून देई आणि बेबाबाई त्यावर खडूची खूण करी. बँडवाल्यांच्या बायका, मास्तरांची बायको, शेजारच्या दोघी, सगळ्या सुया घेऊन काजं करायला बसल्या. लीलाधर सगळ्यांच्या सुयांत दोरे ओवून देत होता. त्या कामात तो वाकबगार निघाला. दुपारची जेवणं उभ्या उभ्या झाली. शेवटची दोरी ओवली तेव्हा नवरदेव मारुतीच्या पारावर पोचल्याचा निरोप आला होता.

मे महिन्यातलं धुळं काय असतं ते ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. डांबर पायाला चिकटत होतं. दुसरा बँड मखमलीच्या लाल कोटांत आला होता, गळ्यापर्यंत बटणं, कोपरापर्यंत हातमोजे. दिसायला राजेशाही, यात शंका नाही. पण मिरवणूक चौकापर्यंत सरकते न सरकते तो मखमलीतल्या लोकांचे चेहरे कोटाच्या रंगाचे झाले. एकाने गळ्याचं बटण काढलं, दुसऱ्याने हातमोजे खिशात कोंबले, आणि ट्रम्पेटवाला पाण्यासाठी रसवंतीत शिरला तो बराच वेळ बाहेरच येईना. इकडे भाईदास मास्तरांची बारा माणसं वाजवतच होती. पाठीच्या फटीतून, पातळ धोतराच्या पट्टीतून वारा आत खेळत होता. मगनने ढोल डोक्यावर घेऊन वाजवला, तेव्हा त्याच्या पाठीवरची दोरी हवी तेवढी ताणली आणि पुन्हा जागेवर आली.

बेबाबाई गर्दीबरोबर कडेकडेने चालत होती. छातीवरचं तिचं केळीचं पान कुणी बघितल्याचं तिच्या लक्षात आलं नाही. मांडवाच्या दाराशी नवरदेवाचे मामा मास्तरांजवळ आले. ते सबंध रस्ताभर घोड्याचा लगाम धरून बँडच्या मागे चालले होते.

"मास्तर, हाई पाठवरनी डिझाइन कोनी काढी? अर्धा रस्ता मी तेच दखी ऱ्हायनू."

मास्तरांनी तोंड उघडलं, पण भिकुबाई आधी बोलल्या. "मन्ही सूननी काढी."

परत निघताना बेबाबाई मास्तरांना म्हणाली, कोट माझ्याबरोबर द्या, लग्नसराई उरकली की खऱ्या मापाने नीट शिवून देते, पाठी बंद करून. मास्तरांनी गाठोड्यावर हातच ठेवला. "बंद करू नका, वैनी. कोट बँडना ऱ्हास, मानसं सीझनना. पुढला साले यामधला निम्मा सुरतले जातीन, नवा येतीन. हाई दोरी ऱ्हाऊ द्या." बेबाबाई एसटीत बसल्यावर पुढच्या सीटवरच्या पाठींकडे टक लावून बघत होती. माणसाच्या मापाने कपडा शिवायचा एवढंच ती शिकली होती. अजून न आलेल्या माणसाच्या मापाचा कपडा असतो, हे तिला आज कळलं होतं. लीलाधरला वाटलं तिला गाडी लागतेय, म्हणून त्याने तिला खिडकी दिली.

पुढची बारा वर्षं आमच्या गल्लीने बँडच पाहिले. शिरपूर, चोपडा, पारोळा, रावेर, कुठकुठून मास्तर येत आणि "पाठवर दोरीवाला" मागत. त्यांना बेबाबाईचं उत्तर ठरलेलं असे : सदरे नकोत, माणसं आणा. भिकुबाई ओट्यावर बसून विती टाकत आणि बाजूला छडी घेऊन बसलेल्या हेडमास्तरीणबाईच्या थाटात माणसांना सरळ उभं करत. चुका झाल्याच नाहीत असं नाही. एकदा तिने टोप्यांना असे उंच तुरे लावले की मांडवात शिरताना सगळे बाहेरच्या तोरणात अडकले आणि बँड दारातच राहिला. एकदा चोपड्याच्या बँडला झोकदार दिसावेत म्हणून काळे कोट केले. काळा कोट घालून लग्नात वाजवणार कोण? एक जत्रेतल्या जादूगाराने घेतला, उरलेल्यांची दप्तरं झाली, आणि बरीच वर्षं आमच्याकडची मुलं चंदेरी झालरीची काळी दप्तरं घेऊन शाळेत जात. चिंधा टेलरनेही एका बँडला दोरीचे कोट शिवले, पण दोरी नुसती वरून शोभेला टाचली, आतली शिवण पक्कीच. पहिल्याच वरातीत तीन पाठी टरकल्या. तो मुकाट्याने रस्ता ओलांडून आला, आणि बेबाबाईने त्याला चहा देऊन काज कुठे करायचं ते दाखवलं. त्यानंतर बोर्डाबद्दल तो बोलला नाही. बोर्ड तिथेच होता, कात्रीचा रंग उडून आता ती खरोखरच अडकित्ता झाली होती. पण बेबाबाई स्वतः काय करते असं कुणी विचारलं तर अजूनही "शिवते" एवढंच सांगायची. तो मोठा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही.

अठ्ठ्याण्णव साली तिच्या मुलीचं, छायाचं, लग्न ठरलं, मुलगा जळगावचा. नवरदेवाकडच्यांनी बँडचा विषय काढला तर भाईदास मास्तर स्वतः येऊन सांगून गेले, बँड आमचा, त्यात बोलायचं नाही. मास्तर आता थकले होते, ट्रम्पेट सुटली होती, नुसते काठी घेऊन पुढे चालत. त्यांच्याकडे बेबाबाईनेच शिवलेले दोन नवे जोड होते, एक मोतिया आणि एक किरमिजी. पण लग्नाच्या दिवशी मिरवणूक कोपऱ्यावर वळली तेव्हा बेबाबाईने औक्षणाचं ताट खाली घेऊन नीट पाहिलं. निळे कोट होते. खांद्यावर विटलेले, कोपराशी कापलेल्या बाह्यांचे, पण पिवळी दोरी नवी कोरी ओवलेली.

मांडवाच्या दाराशी नवरीच्या आईने ओवाळायला उभं राहायचं असतं. बेबाबाई उभी होती, पण तिच्या समोरून येत होती ती छातीवरची केळीची पानं, आणि ती तिने कधीच बघून संपवली होती. तिला पाठी बघायच्या होत्या. ताट तिने लीलाधरच्या हातात दिलं आणि कडेकडेने, बायकांना बाजूला सारत, बँडच्या मागे गेली. ओट्यावर खुर्चीत बसवलेल्या भिकुबाईंनी आवाज दिला, "बेबा, कथा चालनी? मुहूर्त टळी जाई." तिला ऐकू आलं नाही.

बारा पाठी होत्या. मगनच्या त्या कोटात आता एक काटकुळा तरुण होता, त्याची दोरी कडेला कड भिडेपर्यंत आवळलेली. झांजवाल्याच्या कोटात कुणी भला दांडगा होता, त्याची पट्टी तळहाताएवढी उघडी. जुन्यांपैकी एकही ओळखीचा नव्हता, आणि सगळ्यांना सगळे कोट बसले होते. मग तिला दिसलं, क्लॅरिनेटवाल्या पोराच्या दोरीचं मधलं एक काज सुटलं होतं आणि कोट तिथे फुगत होता. चाल, ठेवण सगळी वनाची. त्याचाच पोरगा तो. तिला राहवलं नाही. चालता चालताच तिने त्याची गाठ सोडली आणि दोरी पुन्हा ओवायला लागली. पोरगा चपापून वाजवायचा थांबला. त्याच्या मागोमाग बँड थांबला आणि घोडाही.

नवरदेवाला सासूची नुसती पाठ दिसत होती. तो घोड्यावरून वाकला आणि त्याने बँडवाल्या पोराला विचारलं, "या बाई कोण?"

पोराला मागे वळता येत नव्हतं, दोरी बेबाबाईच्या हातात होती.

"आम्हन्या डिझायनर शेतस," तो समोर बघतच म्हणाला.

बेबाबाईचा हात काजापाशी थांबला. मग तिने दोरी ओढून घेतली, गाठ मारली आणि त्याच्या पाठीवर थाप दिली.

"दम लागत नाही ना?"

"नही, वैनी."

"मग वाजव," ती म्हणाली, आणि ओवाळायला पुढे पळाली.